१९६६ च्या मस्टँगमधील हीटर कोर: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी सप्टेंबरात माझ्या १९६६ च्या फोर्ड मस्टँगमध्ये चालकाशेजारच्या जागेखालचा गालिचा ओला लागला. या मोटारींत ओल दिसली की पहिला संशय पुढच्या काचेखालच्या पोकळीवर जातो, कारण तिथला पत्रा आतून गंजतो आणि पावसाचे पाणी पायापाशी उतरते. मीही त्याच संशयापायी दोन आठवडे घालवले. मात्र कोरड्या आठवड्यातही ओल वाढली, बोटाला हिरवट, बुळबुळीत द्रव लागला, गोडसर वास आला आणि डिफ्रॉस्टर (काचेवर गरम हवा सोडणारी सोय) लावताच काचेवर आतून तेलकट थर बसू लागला, तेव्हा हीटर कोरच, म्हणजे इंजिनाच्या गरम कूलंटने (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाने) आतली हवा तापवणारा छोटा रेडिएटरच, गळत असल्याची खात्री पटली.

इथे मिशिगनमध्ये एका गॅरेजने या कामाचे ६८० डॉलर सांगितले. तांब्या-पितळेचा नवा कोर ५२ डॉलरला मिळत असताना एवढी रक्कम देणे मला पटले नाही, म्हणून नोव्हेंबरच्या दोन शनिवारी हे काम घरीच केले. वातानुकूलन नसलेल्या मोटारीत ते अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. कूलंट काढून ग्लोव्ह बॉक्सचे अस्तर आणि डिफ्रॉस्टरच्या नळ्या सोडवाव्या लागतात, इंजिनाच्या बाजूने फायरवॉलवरचे (इंजिन आणि बैठकीमधल्या पत्र्यावरचे) नट काढावे लागतात, आणि मग हीटरचा डबा खाली घेऊन त्याच्या कडेच्या क्लिपा उघडाव्या लागतात. नवा कोर बसवण्यापूर्वी मी तो पाण्याच्या बादलीत बुडवून हलक्या दाबाची हवा सोडून पाहिली. एकही बुडबुडा आला नाही.

तरीही मार्चमध्ये मोटार बाहेर काढली, तेव्हा हवा जेमतेम कोमट येत होती. कोर निकृष्ट आहे, असे मी विक्रेत्याला सडेतोड शब्दांत कळवले. ते मत मी आज मागे घेतो. १८० अंश फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट (कूलंटचे तापमान राखणारी झडप) काढून १९५ अंशांचा बसवला, त्यानेही फारसा फरक पडला नाही. शेवटी कोरला जाणाऱ्या आणि कोरमधून परत येणाऱ्या, दोन्ही नळ्या हाताने चाचपून पाहिल्या. दोन्ही सारख्याच कढत होत्या. म्हणजे गरम पाणी व्यवस्थित फिरत होते, पण हवा त्या उष्णतेपर्यंत पोहोचतच नव्हती.

एप्रिलमध्ये डबा पुन्हा उतरवला. या वेळी नळ्या ओढून न काढता उभ्या चिरल्या, कारण पिळून ओढताना कोरच्या सोल्डर केलेल्या तोट्या सैल होतात. डबा उघडताच कारण दिसले. त्याच विक्रेत्याकडून १४ डॉलरला घेतलेल्या, फटी बुजवण्याच्या संचातली फोमची पट्टी जेमतेम तीन मिलिमीटर जाड होती, आणि कोर व डबा यांतली फट त्याच्या तिप्पट होती. हवा नेहमीच सोपी वाट धरते. ती कोरच्या जाळीतून जाण्याऐवजी त्या फटीतून थंडच पुढे निघून जात होती. या मोटारीत हीटरकडे जाणारे पाणी बंद करणारी तोटी नाही. गरम कूलंट उन्हाळ्यातही कोरमधून फिरत राहते, आणि उष्णता कमी-जास्त करण्याचे सारे काम हवेच्या झडपेकडे असते. त्यामुळे झडपेच्या कडेचा फोम झिजला, तर हिवाळ्यात गारठा आणि उन्हाळ्यात पायांवर नको असलेली ऊब, असा दुहेरी त्रास होतो. इतक्या महत्त्वाच्या पट्टीची जाडी विक्रेत्याने वेष्टनावर छापूही नये, याचा मला अजून राग आहे.

मी बंद पेशींचा (हवा आरपार जाऊ न देणारा) जाड फोम वेगळा आणून कोरच्या चारही बाजूंना, झडपांच्या कडांना आणि काचेखालच्या पोकळीशी डबा जिथे टेकतो त्या तोंडाला लावला. नऊ डॉलर लागले. त्यानंतर मे ते ऑक्टोबर मोटार नियमित चालवली. जुलैमध्ये पायांपाशी पूर्वीसारखे तापले नाही. गेल्या आठवड्यात सकाळी तीन अंश सेल्सिअसची थंडी होती, तरी इंजिन तापल्यावर काच लवकर स्वच्छ झाली आणि तिच्यावर तेलकट थर आला नाही. कूलंटची पातळी एप्रिलपासून ढळलेली नाही. फक्त नळीचा एक क्लॅम्प जूनमध्ये पुन्हा आवळावा लागला.

कोरबद्दल माझी आज कोणतीही तक्रार नाही, आणि तसे मी विक्रेत्याला लेखी कळवले आहे. पट्टी हा किरकोळ माल असल्यामुळे ती परत घेता येत नाही, असे त्याचे उत्तर आले. त्या उत्तरानंतर मी फटीचे माप आणि छायाचित्रे पुन्हा पाठवली आहेत, आणि १४ डॉलरची मागणी कायम ठेवली आहे.