चिप काढून ठेवली, तरी टीपीएम उत्तर देतोय

ड्रायव्हरचा क्रॅश दुरुस्त करून देतो म्हणत एकाने मला गंडवलं, त्याची ही हकीकत. गाढवपणा माझाही होता, तोही लपवत नाही.

माझ्या छोट्या लिनक्स बोर्डावर एसपीआयने (चिपा जोडायची एक बस) जोडलेली टीपीएम २.० चिप आहे, म्हणजे गुप्त चाव्या सांभाळणारी वेगळी चिप. डेटाच्या पार्टिशनची एन्क्रिप्शनची चावी तिनेच सीलबंद केलेली असते, म्हणजे एसडी कार्ड कुणी पळवलं तरी चिपशिवाय ते कुलूप उघडत नाही. एरवी सगळं सुरळीत, पण रीबूट म्हटलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मान टाकायचा. सीरियल कन्सोलवर नल पॉइंटरचा (कुठेच न नेणाऱ्या पत्त्याचा) ऊप्स, म्हणजे कर्नलचा क्रॅशचा संदेश, खाली कॉल ट्रेसमध्ये, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं त्या यादीत, टीपीएमच्या फंक्शनांची रांग, आणि बोर्ड तिथेच ठप्प. कुणीतरी जाऊन वीज बंद-चालू केली तरच पुढचं. असे तीस बोर्ड लांबलांबच्या जागी बसवायचे होते.

कर्नलमधलं मला जुजबीच कळतं, आणि मुदत डोक्यावर आलेली. ऑनलाइन एक 'एम्बेडेड लिनक्स तज्ज्ञ' सापडला. अर्धे पैसे आधी, उरलेले काम झाल्यावर. त्याने रूट लॉगिन, म्हणजे बोर्डावरचे सगळे अधिकार, मागितलं, मी दिलं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला: "सर, ड्रायव्हर पूर्ण नव्याने लिहिला. आता एकदाही क्रॅश होणार नाही. फक्त चाव्या नव्याने बनवून घ्या, जुन्या चालणार नाहीत."

इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. ड्रायव्हर हा निव्वळ हमाल. तो चिपपर्यंत बाइट नेतो आणि परत आणतो. हमाल बदलला म्हणून तिजोरीच्या चाव्या बदलाव्या लागत नाहीत. सोर्स, म्हणजे ड्रायव्हरचा मूळ कोड, मागितला तर म्हणाला, "ती माझी स्वतःची लायब्ररी आहे सर, देता येणार नाही." लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याखाली आहे, त्यातला ड्रायव्हर बदलून दुसऱ्याला दिला तर सोर्सही द्यावा लागतो. हे मला ठाऊक होतं. तरीही गप्प बसलो, कारण पन्नास वेळा रीबूट करून पाहिलं आणि पन्नासही वेळा बोर्ड सुखरूप उठला. शिवाय आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीची २०४८ बिटांची चावी चिपमध्ये बनायला आधी कितीतरी सेकंद ताटकळावं लागे, ते काम आता चुटकीसरशी होऊ लागलं. मी तर खूशच! उरलेले पैसे दिले. "पाच स्टार आजच द्याल का सर?" तेही दिले.

दोन आठवड्यांनी एका बोर्डावरचं टीपीएमचं मॉड्यूल काढून दुसऱ्यावर लावलं आणि पहिल्याला चुकून वीज दिली. बोर्ड चालू झाला. डेटाचं पार्टिशनही उघडलं. चिप माझ्यासमोर टेबलावर.

मग खोदायला बसलो. टीपीएम-टीआयएस-एसपीआय हा चिपचा खरा ड्रायव्हर त्याने ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे चढूच नये असा करून टाकला होता. त्याच्या जागी व्हीटीपीएम-प्रॉक्सी, म्हणजे आभासी टीपीएम जोडून देणारा ड्रायव्हर, आणि त्याच्या मागे एसडब्ल्यूटीपीएम, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये चालणारा टीपीएम. व्हर्च्युअल मशीनसाठी हे उत्तम साधन आहे, त्याचा काही दोष नाही. पण इथे त्याची सगळी अवस्था, चाव्यांसकट, एसडी कार्डावरच्या एका फायलीत साठत होती. कार्डाची नक्कल करा, कुलूप आणि चावी दोन्ही हातात. क्रॅश का थांबला, हे आता वेगळं सांगायला नको. जो ड्रायव्हर क्रॅश व्हायचा, तो चढतच नव्हता.

ओळखायला पाच मिनिटंही लागत नाहीत, फक्त पैसे देण्याआधी बघायला हवं. टीपीएमचे स्थिर गुणधर्म विचारले की निर्माता कळतो. माझ्या चिपने 'आयएफएक्स' (इन्फिनिऑन कंपनी) म्हणायला हवं होतं, उत्तर येत होतं 'आयबीएम', आणि पुढे व्हेंडरच्या नावात चक्क 'एसडब्ल्यू टीपीएम'. त्या पठ्ठ्याने ते लपवायचेही कष्ट घेतले नव्हते. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल जिथे जोडलेली उपकरणं दाखवतो तिथे, टीपीएम-शून्यची (पहिल्या टीपीएमची) लिंक एसपीआय बसकडे न जाता 'व्हर्च्युअल'कडे जात होती. पण हे दाखले ज्याला खोटे करायचे तो करू शकतो. चिपच्या एन्डोर्समेंट कीचं, म्हणजे तिची ओळख पटवणाऱ्या तिच्या स्वतःच्या चावीचं, प्रमाणपत्र काढून ते निर्मात्याच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत जुळतं का, हे पाहणं जास्त भरवशाचं. आणि सगळ्यात गावठी उपाय म्हणजे चिप उपसा आणि बघा. माझ्या हातून तोच झाला, तोही चुकून.

खऱ्या क्रॅशचं कारण कळलं तेव्हा जास्त चरफडलो. बंद होताना कर्नल टीपीएमला आधीच बंद व्हायचा निरोप देतो आणि त्याच्या फंक्शनांचा पॉइंटर नल करतो. काही एसपीआय कंट्रोलरचे ड्रायव्हर शटडाउनमध्ये स्वतःची नोंदणीही काढून घेतात. त्यामुळे टीपीएमचा ड्रायव्हर काढला जातो आणि तो चिपला दुसऱ्यांदा निरोप द्यायला जातो, त्याच नल पॉइंटरवरून. मुख्य कर्नलमध्ये याची दुरुस्ती कधीच झालेली आहे: पॉइंटर शाबूत आहे का ते आधी बघायचं, नसेल तर ती पायरी गाळायची. माझ्या बोर्डाचा कर्नल जुना होता, एवढंच. कर्नल नवा केला, क्रॅश गेला. फुकट.

मग तीसही कार्डं पुसली, चाव्या नव्याने बनवल्या, रूटचे पासवर्ड बदलले. त्याने आणखी काय पेरून ठेवलं असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून इमेजही, म्हणजे कार्डावर चढवायची सगळी प्रणाली, मुळापासून उभी केली.

त्याला जाब विचारला. उत्तर एका ओळीचं होतं: "सर, तुम्ही क्रॅश बंद करायला सांगितला होता, तो बंद झाला." तक्रार केली, पण काम मंजूर करून मी पैसे सोडले होते, त्यामुळे तिचं काही झालं नाही. अभिप्राय बदलायची मुदतही उलटून गेली होती. माझे पाच स्टार अजून त्याच्या नावापुढे आहेत, आणि खाली माझंच वाक्य: 'अवघड काम, तीन दिवसांत चोख.'