पुण्यातील ‘स्वच्छ’ची घरोघर कचरासेवा

पुणे शहराच्या मोठ्या भागात सकाळी दारावर येऊन कचरा नेणाऱ्या बहुसंख्य बायका ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद, म्हणजे तिच्या मालकच आहेत. ही सेवा वापरणारा रहिवासी म्हणून मला हीच गोष्ट प्रथम नोंदवावीशी वाटते, कारण सेवेचा दर्जा तिथूनच ठरतो.

या व्यवस्थेची मुळे 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत आहेत. हमाल पंचायत उभारणारे डॉ. बाबा आढाव या संघटनेच्या पाठीशी होते. उकिरड्यांतून आणि कचराकुंड्यांतून भंगार वेचणाऱ्यांना थेट घरातला कचरा मिळावा, ही तिची मागणी होती आणि 2008 मध्ये पुणे महापालिकेने ‘स्वच्छ’शी करार करून ती प्रत्यक्षात आणली. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकणारे केंद्राचे नियम 2016 मध्ये आले. पुण्यात हे काम त्याआधी आठ वर्षे सुरू झाले होते, याचा पुणेकरांनी अभिमान बाळगावा असे मला वाटते.

कामाची वाटणी विचारपूर्वक केलेली आहे. घरटी ठरलेले मासिक शुल्क रहिवासी थेट कचरावेचकाला देतात आणि पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा विकून येणारे पैसेही तिचेच असतात, त्यामुळे सुका कचरा नीट वेगळा काढण्यात तिचे स्वतःचे हित असते. महापालिकेने ढकलगाड्या, हातमोजे व वर्गीकरणासाठी जागा पुरवायची आणि उरलेला कचरा आपल्या गाड्यांतून पुढे न्यायचा, असे ठरलेले आहे. विकण्याजोगा माल परस्पर भंगारात गेल्याने तेवढा कचरा वाहून नेण्याचा पालिकेचा खर्च वाचतो आणि उरुळी देवाची, फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसलेल्या कचरा डेपोवरचा भारही तेवढाच हलका होतो. शुल्क महाग वाटणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

उणीव आहे ती भागीदारीच्या कागदावर. कराराची मुदत संपत आली की मुदतवाढीची वाट पाहावी लागते, अधूनमधून हे काम ठेकेदारांना देण्याची चर्चा उठते, आणि हजारो कुटुंबांची रोजीरोटी अधांतरी राहते. अशा अनिश्चिततेत कोणीही नवी गाडी घेण्यासाठी वा शेड सुधारण्यासाठी पैसा घालणार नाही. पालिकेने दीर्घ मुदतीचा करार करावा आणि साधने वेळच्या वेळी द्यावीत, ही माझी ठाम अपेक्षा आहे.

सेवेची शिफारस मी निःशंकपणे करतो, मात्र तिचा अर्धा भार आपल्यावर असतो. वापरलेले सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते पुडके उघडावे लागत नाही; फुटलेली काच वेगळी, वरून लिहून द्यावी. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा. खतखड्ड्याची देखभाल करण्याचे कामही ‘स्वच्छ’च्या सभासद करतात आणि त्याचा मोबदला सोसायटीने स्वतंत्रपणे ठरवून द्यावा, तो घरटी शुल्कात धरू नये.