‘ती फिल्म’ शोधायची कुठे: यूट्यूब, पुणे-मुंबई आणि तालुक्याचा व्हिडिओवाला

शाळेत असताना पाहिलेला माहितीपट शोधायला बसलं की बहुतेक जण यूट्यूबवर ‘जुनी शाळेतली फिल्म’ असं काहीतरी टाकतात आणि हात हलवत परत येतात. त्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते: ती कुठल्या पडद्यावर पाहिली? पडदा कळला की बनवणारा कळतो, आणि बनवणारा कळला की कुठे शोधायचं ते कळतं.

टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी दाखवली असेल तर ती जवळजवळ नक्की फिल्म्स डिव्हिजनची. १९४८ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी संस्थेचे साधारण दहा ते वीस मिनिटांचे माहितीपट आणि समाचारचित्रं दाखवणं थिएटरवाल्यांना बंधनकारक होतं. शाळेच्या पटांगणात चादर बांधून १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर दाखवली असेल तर शक्यता वाढतात: फिल्म्स डिव्हिजन, राज्याचं माहिती खातं, आरोग्य खातं, नाहीतर परदेशी वकिलातींनी आणि ब्रिटिश कौन्सिलने उसनी दिलेली रिळं. टीव्हीवर शाळकरी मुलांसाठी मराठीतून लागायची तर बालचित्रवाणी, म्हणजे शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी राज्याची संस्था, धरून चाला. इंग्रजीतून आणि कॉलेजच्या पातळीची असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचा १९८४ मध्ये सुरू झालेला ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम.

पहिली फेरी फिल्म्स डिव्हिजनच्या यूट्यूब चॅनलवर मारावी. फुकट आहे, घरबसल्या आहे, आणि देवगडच्या टोकाला बसलेल्या माणसाला इतकं जवळचं दुसरं काही नाही. फक्त शोधण्याची रीत बदलायला हवी. यूट्यूबच्या वरच्या सर्वसाधारण चौकटीत न शोधता चॅनलच्या पानावरच्या भिंगाच्या चिन्हावर जा, म्हणजे शोध त्या चॅनलपुरता राहतो. शब्द इंग्रजीत टाका, कारण शीर्षकं बहुतेक इंग्रजीत असतात. आणि आठवणीतला प्रसंग टाकण्यापेक्षा विषयाचं सरळ इंग्रजी नाम टाका: मासेमारी, दीपगृह, देवीचा रोग, भात, नारळाचा काथ्या, यांचे इंग्रजी शब्द.

मराठी प्रेक्षक इथे हमखास फसतो तो भाषेमुळे. एकाच माहितीपटाच्या वेगवेगळ्या भारतीय भाषांतल्या निवेदनाच्या प्रती निघायच्या. तुम्ही मराठीतून ऐकलेली फिल्म चॅनलवर हिंदी किंवा इंग्रजी आवाजात असू शकते, आणि आवाज अनोळखी वाटला म्हणून दहा सेकंदांत बंद केली जाते. आवाज बंद करून चित्र बघा, ओळख लगेच पटते. दुसरी अडचण नावाची. ‘एक अनेक और एकता’ ही १९७४ ची, जेमतेम सात मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म घ्या. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं, संगीत सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या वसंत देसाईंचं. गाणं एका पिढीला तोंडपाठ आहे, पण नाव विचारलं तर लोक ‘ती चिमण्यांची’ एवढंच सांगतात. शिवाय आठवणीत दोन फिल्म्सची सरमिसळ फार होते, चित्र एकीचं आणि निवेदन दुसरीचं. जुळत नसेल तर दोन्ही धागे वेगवेगळे करून शोधा.

परदेशी वाटणाऱ्या फिल्मसाठी, म्हणजे गोरी मुलं, प्रयोगशाळा, सूट घातलेला निवेदक असं काही आठवत असेल तर, इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवरचा प्रेलिंगर संग्रह बघा. तिथे शाळांसाठी काढलेल्या जुन्या अमेरिकी फिल्म्सचा ढीग आहे आणि बऱ्याच उतरवूनही घेता येतात. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाची वेबसाइटही चांगली आहे. या दोन्ही ठिकाणी वर्णन नीट लिहिलेलं असतं, त्यामुळे शोध आपल्याकडच्यापेक्षा लवकर लागतो. हे कबूल करताना बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

पुणे-मुंबईची वारी शेवटी करा. लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासूनचं. ते आणि फिल्म्स डिव्हिजन, दोन्ही २०२२ मध्ये एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, छत्राखाली आली. हा संग्रह अभ्यासकांसाठी आहे. शीर्षक, वर्ष आणि भाषा लिहून आधी ईमेल करा, ‘मासे पकडतात ती फिल्म’ एवढ्यावर कुणी कपाट उघडणार नाही. फिल्म्स डिव्हिजनचं मुंबईतलं पेडर रोडचं आवार मात्र कोकणातून सोपं: कोकणकन्येने रात्री निघालात तर पहाटे मुंबईत. तिथल्या गुलशन महलातलं चित्रपट संग्रहालय पाहण्यासारखं आहे, पण हरवलेली फिल्म तिथे मिळेल अशी आशा धरू नका. बालचित्रवाणी १९८४ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. आता चौकशी बालभारतीकडेच करावी लागते.

आणि मग उरतात गावातल्याच प्रती. हायस्कूलच्या कपाटात, वाचनालयाच्या माळ्यावर, निवृत्त मास्तरांच्या घरी व्हीएचएस कॅसेटी आणि क्वचित १६ मिलिमीटरची रिळं अजून निघतात. कोकणात त्यांचा शत्रू एकच, हवा. पावसाळ्यातल्या दमटपणाने टेपच्या कडेवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात बघा: पांढरी भुकटी किंवा वर्तुळं दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब होतात. उन्हात वाळवू नका, चुलीवरच्या माळ्यावर ठेवू नका, डांबरगोळ्याही नकोत. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात उभी ठेवा आणि साफ करून घेतल्याशिवाय लावू नका.

रिळाच्या डब्याचं झाकण उघडल्यावर आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर आतली अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. ती वाफ शेजारच्या डब्यांनाही लागण करते, म्हणून तो डबा वेगळा काढा. फिल्म आकसली असेल तर जुन्या प्रोजेक्टरवर चालवू नका, दाते भोकं फाडतात. सुरुवातीचे काही फूट शाबूत असतील तर तुमचं नशीब: सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर खरं शीर्षक, भाषा आणि लांबी मिळते. लांबी ताडायला सोपा हिशेब: १६ मिलिमीटरचं ४०० फुटी रीळ म्हणजे साधारण अकरा मिनिटं. सगळं चित्र गुलाबी-लाल दिसत असेल तर निळसर रंगद्रव्य उडालंय, स्कॅन करताना ते थोडंफार सावरता येतं. पुरात भिजलेलं रीळ मात्र वाळवू नका, थरांवर थर चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवा आणि तसंच लॅबमध्ये न्या. रिळं स्कॅन करायला मुंबई गाठावीच लागते. पडद्यावर प्रोजेक्टर लावून समोरून मोबाइलने शूटिंग करून देणाऱ्याला पैसे देऊ नका: चित्र लुकलुकतं आणि मध्ये उजेडाचा डाग पडतो.

कॅसेटी संगणकावर उतरवायचं काम मात्र रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, कणकवली इथले लग्नाचे व्हिडिओवाले करून देतात, आणि काम बरं होतं, विचारून घेतलं तर. चालणारा व्हीसीआर आहे का, आणि तो नुकता साफ केलाय का? जोडणी पिवळ्या पिनेची की जरा स्वच्छ चित्र देणाऱ्या एस-व्हिडिओची? स्वस्त यूएसबी कॅप्चर डोंगलवर (कॅसेट संगणकात उतरवणारं छोटं यंत्र) लांब कॅसेटमध्ये फ्रेम गळतात आणि आवाज हळूहळू मागे-पुढे होतो. अर्ध्या तासानंतर निवेदकाचे ओठ जुळतायत का ते दुकानातच बघून घ्या. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीची फाइल ७२० बाय ५७६, २५ फ्रेमची हवी, आणि ४:३ आकारातच. ताणून रुंद करून दिली की गांधीजीही लठ्ठ दिसतात. स्टुडिओचा लोगो कोपऱ्यात चिकटवू नका हे आधीच सांगा, नाहीतर तो येतोच.

डीव्ही या फारशा न दाबलेल्या स्वरूपात मूळ फाइल मागा: तासाला सुमारे १३ जीबी, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला ४० जीबीच्या आसपास. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून न्या, कारण फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि मग दुकानदार फाइल दाबून लहान करून देतो. मूळ कॅसेट परत आल्यावर फेकू नका, पुढे चांगलं यंत्र मिळालं तर पुन्हा उतरवता येते.

जायची वेळ दसरा ते तुळशीचं लग्न या दरम्यानची. पाऊस सरलेला असतो, आणि लग्नसराई सुरू झाली की व्हिडिओवाला तुमच्या कॅसेटीकडे बघतसुद्धा नाही.