घरच्या घरी पोटाचं डायलिसिस: बरेच महिने वापरल्यानंतर

सीएपीडी, म्हणजे पोटातून करायचं डायलिसिस, सुरू करून आता बरेच महिने झाले. पहिल्या आठवड्यांत लिहायला बसले असते तर ते नुसतं भीतीचं किंवा नुसतं कौतुकाचं झालं असतं, म्हणून थांबले. आता दिनक्रम बसला आहे, अडचणीही येऊन गेल्या आहेत, आणि रक्ताचे अहवाल नजरेसमोर आहेत. ज्यांच्या घरात 'हिमो (म्हणजे मशीनमधून रक्त गाळून करायचं डायलिसिस) की पोटाचं?' हा प्रश्न सध्या चालू आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मला आयजीए नेफ्रोपॅथी आहे. त्यात किडनीतल्या गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छांमध्ये एक प्रतिपिंड साचत जातो आणि हळूहळू तिथे वण धरतात. मला वर्षानुवर्षं काहीच जाणवत नव्हतं. रक्तदाब वाढलेला आणि लघवीत प्रथिनं जात होती, एवढंच. उपचारही तसेच शांतपणे चालले: रक्तदाब कमी करता करता प्रथिनांची गळती रोखणाऱ्या गोळ्या (एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी गटातल्या), मीठ कमी, आणि पुढे एसजीएलटी२ गटातली गोळी. ही मुळात मधुमेहाची, पण मधुमेह नसलेल्यांच्या किडनीलाही ती जपते हे 2020 पासूनच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. या औषधांनी घसरण थांबत नाही, मंदावते. माझी मंदावली, आणि ती वर्षं मला कामात आणि घरात घालवता आली. ज्यांचा आजार अजून आधीच्या टप्प्यावर आहे त्यांनी डायलिसिसची धास्ती घेत बसण्यापेक्षा या गोळ्या एकही दिवस न चुकवता घ्याव्यात आणि अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, असं मी कळकळीने सांगेन.

एकट्या क्रिएटिनीनकडे (किडनीने बाहेर टाकायचा, रक्तात मोजला जाणारा कचरा) बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. एकच क्रिएटिनीन तरुण माणसात आणि वृद्ध माणसात वेगळी गोष्ट सांगतं. म्हणून वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, पाहायचा: 3 महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला तर तो जुनाट आजार, 15 ते 29 म्हणजे चौथी पायरी, 15 च्या खाली पाचवी. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघायचं, कारण पुढे घसरण किती वेगाने होईल याचा अंदाज त्यावरून येतो.

माझा ईजीएफआर विशीच्या आसपास असतानाच नेफ्रॉलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) पुढच्या पर्यायांचा विषय काढला. तेव्हा मला तो फार लवकर वाटला होता. आज वाटतं की पूर्ण प्रवासातली सर्वांत मोलाची भेट तीच. दम लागलेला, उलट्या होत आहेत, पोटॅशियम वाढलेलं, अशा अवस्थेत माणूस काही निवडत नाही. मानेत तात्पुरती नळी घालून हिमो सुरू होतं आणि बहुतेक वेळा तेच पुढे चालू राहतं. लवकर चर्चा करायची म्हणजे लवकर डायलिसिस सुरू करायचं, असं मात्र नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयडियल' अभ्यासात डायलिसिस लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढलं नाही. मलाही सुरुवात आकड्यावरून करून दिली नाही. भूक गेली, मळमळ वाढली, पायांची सूज गोळ्यांना दाद देईना, तेव्हा ठरलं.

पर्यायांत पहिला विचार प्रत्यारोपणाचाच व्हायला हवा. जमत असेल तर डायलिसिसच्या आधीच झालेलं प्रत्यारोपण उत्तम. माझ्या घरी तपासण्यांत दाता बसला नाही, त्यामुळे मी प्रतीक्षायादीत आहे. हिमोसाठी साधारण आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास केंद्रात जावं लागतं, आणि हातातली धमनी शिरेला जोडून फिस्टुला करावी लागते. ती वापरण्याजोगी व्हायला कित्येक आठवडे जातात. चौथाही एक मार्ग आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही: डायलिसिस न करता औषधांनी त्रास आटोक्यात ठेवत राहणं. खूप वय झालेल्या, इतर गंभीर आजार असलेल्या माणसासाठी तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. कुणी तो घेतला तर 'हार मानली' असं कृपा करून म्हणू नका.

मी पोटाचं निवडलं, कारण माझी लघवी अजून बऱ्यापैकी होत होती. उरलेली किडनी पोटाच्या डायलिसिसमध्ये सहसा जास्त काळ टिकते. हिमोत काही तासांत बरंच पाणी ओढलं जातं, रक्तदाब खाली येतो आणि त्याचा ताण उरल्यासुरल्या किडनीवर पडतो. पोटात तेच काम दिवसभर सावकाश चालतं. पोटाच्या आतून आणि आतड्यांवरून पेरिटोनियम नावाचं पातळ आवरण असतं, त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पोटात द्रव भरून ठेवला की युरिया, क्रिएटिनीन, पोटॅशियम त्या आवरणातून गाळणीतून उतरावं तसं द्रवात उतरतं. द्रवातल्या साखरेमुळे शरीरातलं जास्तीचं पाणीही ओढलं जातं. द्रव पोटात घालायची आणि काढायची मऊ नळी म्हणजे टेंकहॉफ कॅथेटर. 1968 पासूनची ही रचना आजही जवळपास तशीच वापरली जाते.

कॅथेटर बसवल्यावर सुमारे दोन आठवडे जखम भरू दिली आणि मग प्रशिक्षण झालं. प्रशिक्षण देणाऱ्या सिस्टर फार कडक होत्या आणि त्यांचे मी आभार मानते. माझं सगळं एक्स्चेंज, म्हणजे पोटातलं जुनं पाणी काढून नवं भरणं, त्यांनी शिकवल्यासारखंच होतं. खिडक्या बंद, पंखा बंद, मास्क, हात नीट वेळ घेऊन धुवून पूर्ण कोरडे. द्रवाची पिशवी कोरड्या उष्णतेने कोमट केलेली. गरम पाण्यात बुडवायची नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. पिशवीवरची तारीख, तीव्रता, गळती आणि द्रवाचा स्वच्छपणा बघायचा. मग जोडणी, आधी पोटातलं जुनं पाणी ड्रेन, नंतर नळीतून थोडं ताजं पाणी सोडून हवा आणि जोडणीच्या जागी काही असेल तर ते धुवून टाकायचं, मग दोन लिटर भरायचं, आणि शेवटी नवी टोपी. एकूण अर्धा-पाऊण तास. दिवसातून चार वेळा. मधले चार ते सहा तास पाणी पोटात, रात्री त्याहून जास्त वेळ, आणि मी माझ्या कामात.

सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते इथे. चार वेळा म्हणजे रोज चार वेळा. त्यात सणवार नाही, ताप आला म्हणून सुट्टी नाही. हिमोत कष्ट मशीन आणि तंत्रज्ञ घेतात, तुम्ही वेळ देता. इथे कष्ट तुमचे. घरात कुणी बदली करू शकेल का, किमान दोघांनी शिकलेलं आहे का, हे सुरुवातीलाच ठरवा. माझ्याकडे मुलगी शिकली आहे. माझा हात दुखावला होता तेव्हा तिने एकटीने सगळं केलं. ती नसती तर मला तेवढ्यापुरतं केंद्रात जावं लागलं असतं. घरात एक स्वच्छ कोपरा आणि खोक्यांसाठी बरीच जागा लागते. महिन्याची खोकी येतात तेव्हा एक भिंत भरून जाते, हे आधी कुणी सांगत नाही.

त्या बदल्यात मिळालं ते सांगते. हिमोवाल्या ओळखीच्यांना डायलिसिसनंतर जो पूर्ण गळून गेल्यासारखा दिवस जातो, तो माझ्या वाट्याला आला नाही. तब्येत रोज साधारण सारखी असते. पिण्याच्या पाण्यावरची बंधनं लघवी टिकून असल्यामुळे सैल आहेत. पोटॅशियमचं तर उलटंच झालं: पिशवीच्या द्रवात पोटॅशियम नसतं, त्यामुळे ते इतकं खाली आलं की आहारातलं पथ्य उठवावं लागलं. काम सोडलं नाही. दुपारचं एक्स्चेंज कार्यालयातल्या एका रिकाम्या खोलीत करते, व्यवस्थापनाने दाराला आतून कडी बसवून दिली.

पिशव्यांची तीव्रता समजून घेण्यात मला वेळ गेला, पण ते समजल्याशिवाय ही पद्धत आपल्या हातात येत नाही. 1.5, 2.5 आणि 4.25 टक्के अशा साखरेच्या पिशव्या असतात. साखर जितकी जास्त तितकं पाणी जास्त ओढलं जातं. सूज दिसली म्हणून दर वेळी तीव्र पिशवी लावायची सवय वाईट, कारण ती साखर अंगात शोषली जाते, वजन आणि रक्तातली साखर वाढते, आणि वर्षानुवर्षं तसं केलं तर आवरणही खराब होतं. आधी मीठ कमी करायचं. रोज सकाळी वजन, रक्तदाब आणि प्रत्येक ड्रेनचं माप वहीत लिहायचं. किती भरलं आणि किती निघालं यातला फरक म्हणजे यूएफ. ही वही डॉक्टर रक्ताच्या अहवालाइतकीच बारकाईने बघतात. रात्रीच्या लांब वेळेसाठी मला आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी दिली आहे, तिच्यात साध्या साखरेऐवजी मोठ्या रेणूंचा पदार्थ असतो, तो सावकाश पाणी ओढतो. मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: आयकोडेक्स्ट्रिन चालू असताना काही प्रकारचे ग्लुकोमीटर साखर खोटी वाढलेली दाखवतात आणि त्यावरून इन्सुलिन घेतलं तर जीवावर बेतू शकतं. आपला मीटर चालतो का हे विचारूनच पिशवी सुरू करा.

आता संसर्गाची भीती. ती खरी आहे. पेरिटोनायटिस म्हणजे पोटातल्या आवरणाचा संसर्ग. निघालेलं पाणी गढूळ दिसणं ही त्याची मुख्य खूण, सोबत पोटदुखी आणि ताप असेल किंवा नसेल. पाणी गढूळ दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. पिशवी घेऊन लगेच केंद्रात जायचं, तिथे पेशी मोजतात, जंतू ओळखायला कल्चर लावतात आणि अँटिबायोटिक बहुधा पोटातच देतात. वेळेत गेलं तर बहुतेक संसर्ग बरे होतात, उशीर झाला तर कॅथेटर काढावं लागतं. मला एकदा ड्रेनमध्ये पांढऱ्या तारा दिसल्या आणि पोटात गोळा आला. पिशवी घेऊन गेले, तपासलं, ते फायब्रिन निघालं. रक्तातलंच एक प्रथिन, संसर्ग नव्हता. तारा दिसणं वेगळं आणि पिशवीतून पलीकडची अक्षरं धूसर दिसणं वेगळं, पण हा फरक घरी बसून आपण ठरवायचा नाही. नळी बाहेर येते ती जागा, एक्झिट साइट, रोज पाहायची, कोरडी ठेवायची, सांगितलेलं मलम लावायचं, नळी ओढली जाणार नाही अशी चिकटवायची.

संसर्गापेक्षा मला जास्त छळलं ते बद्धकोष्ठतेने. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल. भरलेलं आतडं नळीवर दाबतं किंवा नळीचं टोक जागेवरून हलवतं, आणि मग ड्रेन थेंब थेंब होतो. मला दोन लिटर भरलेले असताना निम्मंही बाहेर येईना. केंद्राने आधी एक्स-रे काढला, मग पोट साफ होण्याचं औषध दिलं आणि दोन दिवसांत ड्रेन पूर्ववत झाला. आता ते औषध माझ्या रोजच्या यादीत आहे. सुरुवातीला खांद्यात दुखायचं, ते पोटात गेलेल्या हवेमुळे. ड्रेनच्या शेवटी खाली ओढल्यासारखं दुखायचं, तेही कमी झालं. जड उचलणं बंद आहे, कारण पोटात सतत दाब असल्यामुळे हर्निया होऊ शकतो.

कपड्यांबद्दल आणि अंगावर कायम असलेल्या नळीबद्दल पुरुष सहसा लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. पोट पुढे दिसतं. आरशासमोर पहिले काही आठवडे मला रडू यायचं. सैल, वरून नाडीचे कपडे शिवून घेतले, नळीला मऊ पट्टा लावला. अंघोळ शॉवरखाली किंवा वरून पाणी घेऊन. टबात बसणं आणि तलावात पोहणं मला बंद केलं आहे, आणि पोहणं सोडल्याचं मला आजही वाईट वाटतं.

अहवालांत हिमोग्लोबिन टिकून आहे, रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आणि लोह चालू आहे. फॉस्फरस अजून जास्त आहे, जेवणाबरोबर घ्यायची गोळी वाढवली. अल्ब्युमिन थोडं उतरलं, कारण पोटातल्या पाण्यातून रोज प्रथिनं जातात. म्हणून डायलिसिसआधी कमी ठेवायला सांगितलेली प्रथिनं आता वाढवायला सांगितली, आणि आहारतज्ज्ञांना पुन्हा भेटावं लागलं. जुना तक्ता तसाच चालू ठेवणारे खूप जण भेटतात, तसं करू नका. आवरणाचा वेग तपासणारी पीईटी चाचणी झाली. माझं आवरण वेगवान निघालं, म्हणजे कचरा लवकर निघतो पण साखरही लवकर शोषली जाते आणि पाणी कमी ओढलं जातं. अशांना कमी वेळाचे, जास्त फेरे बरे पडतात. म्हणून पुढच्या महिन्यापासून रात्री झोपेत आठ-नऊ तास आपोआप भरणारं आणि काढणारं सायकलर मशीन वापरून बघायचं ठरलं आहे. आवाज आणि झोपेचं काय होतं ते वापरल्यावरच कळेल.

ज्यांच्या पोटावर मोठ्या शस्त्रक्रिया होऊन आतले भाग एकमेकांना चिकटले आहेत, ज्यांची नजर किंवा हात साथ देत नाहीत आणि घरी मदतीला कुणी नाही, त्यांना मी ही पद्धत सुचवणार नाही. लघवी अजून होते आहे, नोकरी किंवा शिक्षण चालू आहे, केंद्र लांब आहे, हृदय कमकुवत असल्यामुळे हिमोत रक्तदाब कोसळतो, अशांनी डॉक्टरांनी आपणहून विषय काढला नाही तरी स्वतः विचारावं. आवरण आयुष्यभर पुरत नाही, काही वर्षांनी हिमोवर जावं लागू शकतं, हे मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून डाव्या हाताच्या शिरा मी राखून ठेवल्या आहेत: रक्त काढायला कुणीही आलं तरी उजव्या हाताच्या पंजावरची शीर पुढे करते, आणि प्रतीक्षायादीच्या तपासण्या दर वेळी मुदतीत करून घेते.