बीअर न सोडता वजन कमी करण्याचे सोळा आठवडे : इंदूरमधील एका आहार-सल्ला केंद्राचा अनुभव

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझे वजन ८६.४ किलो होते, उंची १७१ सेंटीमीटर आणि कमरेचा घेर १०१ सेंटीमीटर. भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर मानली जाते, त्यामुळे वजन उतरवणे आवश्यक आहे याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. अडचण वेगळीच होती. आठवड्यातून दोनदा, क्वचित तीनदा, मी मद्य घेतो. गेली वीस वर्षे शनिवारची बैठक त्याच चार मित्रांबरोबर होते आणि ती मोडण्याची माझी इच्छा नव्हती. यापूर्वी शहरातल्या एका ठिकाणी नाव नोंदवले होते. तेथे पहिल्याच दिवशी "दारू पूर्ण बंद, नाहीतर येऊ नका" असे सांगण्यात आले. मी होकार दिला, दोन महिने नोंदवहीत खोटे लिहिले आणि वजन तिळभरही हलले नाही. तो दोष माझाच होता. पण खरे बोलता येणार नाही अशा ठिकाणी आहाराचा सल्ला घेण्यात अर्थ नसतो, हेही तेव्हा कळले.

पलासिया भागातल्या या दुसऱ्या केंद्रात सोळा आठवडे काढल्यावर हे परीक्षण लिहितो आहे. पुढे दोन तक्रारीही आल्या आहेत, म्हणून केंद्राचे नाव देत नाही. येथील आहारतज्ज्ञ इंदूरच्याच, मराठी घरातल्या आहेत. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही तेच म्हणेन.

पहिल्या भेटीत जेवणाखाण्याचे प्रश्न विचारता विचारता त्यांनी त्याच स्वरात विचारले, "दादा, पिता का? काय, किती आणि कोणाबरोबर?" मी "दोन पेग, साठ-साठचे" असे उत्तर दिले. त्यांनी उठून कपाटातून एक साधा काचेचा ग्लास आणि पाण्याची बाटली काढली व म्हणाल्या, "घरी जसा भरता तसा एक पेग भरून दाखवा." मी नेहमीच्या सवयीने, दोन बोटांच्या अंदाजाने पाणी ओतले. त्यांनी ते खुणा असलेल्या मापात रिकामे केले, तेव्हा पाण्याची कड ८५ मिलिलिटरच्या रेघेवर थांबली. मी दुसऱ्यांदा, जरा सावध होऊन ओतले. ते ८० भरले. म्हणजे ज्याला मी वर्षानुवर्षे दोन पेग म्हणत होतो ते प्रत्यक्षात जवळजवळ तीन होते. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून पिण्याच्या जागा, बंद झाले आणि आमच्यासारख्यांची बैठक घरी, गच्चीवर आली. बारमधला माणूस मापाने देतो, घरी प्रत्येक जण आपल्या हाताने ओततो. हा फरक माझ्या लक्षात तोवर कधी आला नव्हता.

त्यानंतर ताईंनी कागदावर हिशोब मांडला. तो येथे देतो, कारण या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटला. शुद्ध मद्यार्काच्या, म्हणजे अल्कोहोलच्या, एका ग्रॅमपासून सुमारे ७ कॅलरी मिळतात. साखर किंवा पिठाच्या ग्रॅमपासून ४ आणि तेला-तुपाच्या ग्रॅमपासून ९. म्हणजे मद्यार्क साखरेपेक्षा तेलाच्या अधिक जवळ आहे. आपल्याकडच्या व्हिस्कीवर आणि रमवर सहसा ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्या हिशोबाने ६० मिलिलिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क आणि १४० कॅलरी येतात. माझ्या ८५ मिलिलिटरच्या पेगात त्या २०० होत होत्या. पाच टक्क्यांच्या साध्या बीअरची ६५० मिलिलिटरची बाटली घेतली तर मद्यार्काच्या १८० आणि धान्यातून आलेल्या शर्करेच्या साधारण ८०–९० अशा २६५ च्या आसपास कॅलरी होतात. मध्यम आकाराच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या म्हणजे जवळपास एवढेच. तीच बाटली आठ टक्क्यांची, म्हणजे ज्याला आपण स्ट्राँग म्हणतो ती घेतली, तर आकडा पावणेचारशेच्या घरात जातो. दोन्ही बाटल्या एकाच उंचीच्या, दोन्ही थंडगार, आणि मी आजवर दोन्हींना "एक बीअर" असेच म्हणत आलो होतो. लेबलवरचा टक्का वाचायचा आणि बाटलीच्या मापाशी गुणायचा, एवढे शिकल्यावर दुकानात उभ्याउभ्या हिशोब करता येतो.

रिपोर्ट आल्याशिवाय मात्र ताईंनी आहार लिहून दिला नाही. यकृताच्या तपासण्या, साखर, रक्तातली चरबी आणि पोटाची सोनोग्राफी त्यांनी आधी करवून घेतली. मद्याचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेच प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, हेही त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले आणि पुढे म्हणाल्या, "मी तुम्हाला प्यायला सांगत नाही. तुम्ही पिणारच असाल तर ते कागदावर असू दे." माझे अहवाल चांगले आले. माझे थोरले बंधू महिनाभराने याच केंद्रात गेले. त्यांना मधुमेह आहे आणि त्यावरच्या काही गोळ्यांबरोबर मद्य घेतल्यास रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यांच्या आहारात ताईंनी मद्याला जागा दिली नाही; प्रथम डॉक्टरांशी बोला असे सांगितले आणि दादांनी बराच आग्रह करूनही त्या बधल्या नाहीत. या सेवेवर माझा विश्वास बसला तो त्या दिवशी.

माझ्यासाठी दिवसाला १८०० कॅलरींचा आहार ठरला आणि त्यातच मद्यासाठी आठवड्याला ४०० कॅलरींची मर्यादा घालण्यात आली. त्यात एक साधी मोठी बीअर आणि एक ३३० मिलिलिटरची लहान बाटली बसते, किंवा दोन वेगवेगळ्या संध्याकाळी साठ-साठचा एकेक पेग बसून थोडे उरते. व्हिस्कीत पाणी किंवा साधा सोडा घालायचा. कोला घातला की ३०० मिलिलिटरमागे सुमारे १३० कॅलरी निव्वळ साखरेच्या येतात आणि टॉनिक वॉटरमध्येही साखर असते, हे मला ठाऊक नव्हते.

सर्वांत कठीण गेलेला नियम असा की, पिण्याच्या दिवशी जेवण कापायचे नाही. मी आजवर याच्या नेमके उलट करत होतो. शनिवारी दुपारी फक्त काकडी आणि ताक, म्हणजे रात्री मोकळीक, असा माझा हिशोब असे. ताईंनी समजावले की रिकाम्या पोटी मद्य वेगाने रक्तात उतरते आणि त्याने भूक शमत नाही, उलट खवळते. शिवाय शरीर मद्यार्क साठवून ठेवू शकत नाही, त्यामुळे यकृत तोच आधी हातावेगळा करते आणि तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते. त्या वेळेत पोटात गेलेली तेलकट वस्तू सरळ शिल्लक खात्यात जमा होते. यावर उपाय म्हणजे आठच्या आत वरण, उसळ किंवा पनीर, भाजी आणि एक भाकरी असे पुरते जेवण, आणि मग बैठक. मित्रांना हे विचित्र वाटले. पहिले दोन शनिवार ते मला "जेवून आलेला पाहुणा" म्हणत होते. पण जेवून बसल्यावर ग्लास सावकाश संपतो, हे त्यांनीही पाहिले.

चखण्याविषयी आमच्या इंदूरात वेगळे सांगायला नको. येथे सेव नुसती खाल्ली जात नाही. ती पोह्यांवर पडते, भाजीत पडते आणि बैठकीत तर परातीने येते. ताईंनी मला घरच्या स्टीलच्या वाटीतली लवंग सेव वजनकाट्यावर ठेवायला सांगितली. वाटी शिगोशीग नव्हती, तरी ती ६२ ग्रॅम भरली; सेवेच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे ती एक वाटी साध्या बीअरच्या मोठ्या बाटलीलाही मागे टाकून गेली. आणि बैठकीत मी अशा दोन वाट्या सहज संपवत असे. "वजन दारूने नाही, चखण्याने वाढते" असे आमच्यात नेहमी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण दुसरी वाटी मागवतो तो दुसरा ग्लासच. आता समोर भाजलेले हरभरे, काकडी-मुळ्याच्या फोडी, तेल न लावता भाजलेला पापड आणि लिंबू पिळलेली मोडाची मटकी असते. मोजून तीस ग्रॅम सेव मी ठेवली आहे, कारण ती पूर्ण सोडली असती तर मी फार दिवस टिकलो नसतो.

आणखी एक गोष्ट नोंदवहीने दाखवली, जी कॅलरींच्या कोणत्याही तक्त्यात सापडली नसती. पहिल्या सहा आठवड्यांत सहापैकी चार रविवारी माझे सकाळचे फिरणे बुडाले होते. मद्यामुळे झोप लवकर लागली तरी उत्तररात्री ती तुटते आणि सकाळी अंग जड राहते. त्या चारही रविवारी न्याहारीला पोहे-जिलबी होती आणि दुपारी दोन तासांची झोप. ताईंनी या चार ओळींभोवती लाल रेघ ओढली आणि बैठक दहाला संपवण्यास सांगितले. दहाला उठल्याने सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाणेही आपोआप टळले, कारण अकरा वाजता, एक ग्लास पोटात असताना, तळलेल्या गराडूच्या (एक कंद) गाड्यासमोरून हात न पसरता परत येणे मला एकदाही जमलेले नाही.

वजन दर गुरुवारी सकाळी करायचे असे ठरले होते. रविवारी करू नका असे ताईंनी बजावले होते, कारण मद्याने शरीरातले पाणी जास्त बाहेर जाते आणि दुसऱ्या दिवशी काटा उगाच खाली दिसतो. तो आकडा पाहून माणूस सोमवारी सैल सुटतो. मलाही पूर्वी असा आनंद अनेकदा झालेला आहे.

आता तक्रारी. पहिली केंद्राच्या ॲपविषयी आहे. त्यात "बीअर, १ बाटली" अशी एकच नोंद आहे आणि तिच्यापुढे १५० कॅलरी लिहिलेल्या आहेत. तो आकडा ३३० मिलिलिटरच्या बाटलीचा आहे. आपल्याकडे बाटली म्हटले की ६५० ची समजतात. मी पाच आठवडे तीच नोंद दाबत राहिलो आणि प्रत्येक वेळी शंभरावर कॅलरी हिशोबाबाहेर राहिल्या. नवव्या आठवड्यात वजन थांबले तेव्हा ताईंनी विचारपूस केली आणि चूक उघडकीस आली. त्यांनी ती प्रांजळपणे मान्य केली. परंतु आज हे लिहीपर्यंत ॲपमधली नोंद तशीच आहे. जो माणूस ताईंना प्रत्यक्ष भेटत नाही, केवळ ॲपवर चालतो, त्याची यात सरळ दिशाभूल होते आणि केंद्राने ती नोंद आजच्या आज बदलावी असे मला कळकळीने वाटते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ताई पंधरा दिवस रजेवर असताना एका साहाय्यकाने मला सांगितले की व्होडकात कॅलरी नसतात, त्यामुळे ती मोजू नका. व्होडकात साखर नसते हे खरे, परंतु मद्यार्क असतोच आणि त्याच्या कॅलरी व्हिस्कीइतक्याच असतात. पहिल्या दिवशीचा कागद माझ्याजवळ होता म्हणून मी सावध राहिलो. पाच-सहा हजारांहून अधिक शुल्क घेणाऱ्या केंद्रात असे उत्तर मिळता कामा नये. मी चार महिन्यांचे ९००० रुपये भरले, तपासण्यांचा खर्च वेगळा झाला.

माझ्या पत्नीने दोन महिन्यांनंतर हीच सेवा घेतली. ती कधीतरी वाइनचा एक ग्लास घेते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढेच मद्य त्यांच्या रक्तात अधिक चढते, म्हणून तिची मर्यादा माझ्याहून कमी ठेवण्यात आली. माझाच तक्ता तिला चिकटवला नाही, हे मला आवडले.

सोळाव्या गुरुवारी काटा ८०.१ वर होता आणि कमर ९३ सेंटीमीटर. ज्या आठवड्यांत मी मद्य अजिबात घेतले नाही, असे तीन आठवडे होते, त्यांत वजन सर्वांत वेगाने उतरले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ज्यांना सहज सोडता येते त्यांनी सोडावे, त्यांना या सेवेतल्या या भागाची गरज नाही. ज्यांना एक ग्लास घेतल्यावर थांबता येत नाही त्यांच्यासाठीही ही जागा नव्हे; त्यांनी डॉक्टरांकडे जावे, ताईही तेच सांगतात. माझ्यासारख्या, मोजून घेण्याची तयारी असलेल्या माणसाला मात्र मी हे केंद्र सुचवीन. पुढच्या चार महिन्यांसाठी मी पुन्हा नाव नोंदवले आहे. पैसे भरताना भेट ताईंशीच होईल असे पावतीवर लिहून घेतले. पहिल्या भेटीला जाणाऱ्यांनी जुने अहवाल न्यावेत आणि घरी ज्यातून पितात तो ग्लासही पिशवीत घालून न्यावा.