फेरूल ते टाकी: घराची पाण्याची मेन लाइन बदलताना पैसे कुठे जातात

बंगल्याची किंवा रो-हाउसची पाण्याची लाइन गळायला लागली की प्लंबर तीन पर्याय ठेवतो. गळतंय तेवढाच तुकडा बदलायचा, सगळी लाइन पुन्हा जीआयची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपची टाकायची, नाहीतर काळी एचडीपीई, म्हणजे लवचिक प्लास्टिकची लाइन टाकायची. यूपीव्हीसीचा, म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिकचा, चौथा पर्याय बहुतेक वेळा हार्डवेअरवाला सुचवतो. आपण मग पाइपचा मीटरचा भाव विचारतो आणि सगळी तुलना त्यावरच करतो. या कामात पाइप सगळ्यात स्वस्त असतो. खरा पैसा खोदाईत, पार्किंगची फरशी काढून बसवण्यात आणि रस्त्याच्या परवानगीत जातो. म्हणून माझं मत आधीच सांगते: पुन्हा खणायला लागू नये, हे बघून पाइप निवडा.

रस्त्यातल्या महापालिकेच्या मोठ्या लाइनला जिथे फेरूल (घराची जोडणी काढण्यासाठी मोठ्या लाइनवर बसवलेला छोटा जोड) मारलेलं असतं, तिथून आपल्या जमिनीखालच्या टाकीपर्यंतची लाइन साधारणपणे घरमालकाच्या खर्चाने टाकली आणि बदलली जाते. काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यायचं असतं आणि रस्त्याला हात लावण्याआधी अर्ज करावा लागतो.

एक नमुना हिशोब करू. फेरूलपासून टाकीपर्यंत 25 मीटर लाइन आहे. त्यातली 5 मीटर रस्त्यात आणि 20 मीटर प्लॉटमध्ये. एक इंची बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा जीआय ढोबळमानाने मीटरला 200 ते 300 रुपये धरा, म्हणजे पाइपचे 5,000 ते 7,500. त्याच मापाची एचडीपीई 60 ते 100 रुपयांच्या घरात, म्हणजे 1,500 ते 2,500. यूपीव्हीसी या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते. फिटिंग वेगळी, आणि पक्क्या बिलावर 18 टक्के जीएसटी. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक हलतात, पण प्रमाण साधारण हेच राहतं.

आता खोदाई. प्लॉटमधला 20 मीटरचा चर दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल धरला तर साडेपाच घनमीटरच्या आसपास माती निघते. माती नरम असेल तर दोन बिगारी दिवसभरात उरकतात. कडक मुरूम लागला की तेच काम दोन-तीन दिवस चालतं, आणि खाली काळा पाषाण असेल तर ब्रेकर आणावा लागतो. बिगारीची मजुरी शहरात माणशी 700 ते 1,000 रुपये. त्यात पार्किंगचं काँक्रीट कापणं, पेव्हर किंवा शहाबादी फरशी उचलून परत बसवणं, राडारोडा उचलून नेणं हे सगळं मिळवा. जीआय आणि एचडीपीईच्या पाइपमधला फरक साडेतीन ते पाच हजारांचा आहे, आणि नुसत्या पार्किंगच्या दुरुस्तीला सहज त्याहून जास्त लागतात.

उरले रस्त्यातले 5 मीटर. तिथे महापालिका रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क घेते आणि डांबरी, काँक्रीट, पेव्हर असा रस्त्याचा प्रकार बघून ते ठरतं. हा आकडा प्लंबरच्या तोंडून घेऊ नका, वॉर्ड ऑफिसातून लेखी घ्या. पुष्कळ घरांत एकूण खर्चातला सगळ्यात मोठा आकडा हाच निघतो. पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी खोदाईची परवानगी मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये दिसलेली गळती जूनवर ढकलली तर ती ऑक्टोबरपर्यंत तशीच राहते. समोरचा रस्ता काँक्रीटचा होणार अशी कुणकुण लागली असेल तर लाइन त्याआधी बदलून घ्या. नवा रस्ता झाला की तो ठेकेदाराच्या हमीत असतो आणि परवानगी मिळवणं फार जड जातं.

तुकडा बदलायचा की सगळी लाइन?

लाइन दहा वर्षांच्या आतली असेल आणि गळती एका ठिकाणी, कुणाची कुदळ लागल्यामुळे किंवा वरून ट्रक गेल्यामुळे असेल, तर तेवढाच तुकडा बदला. दोन-तीन हजारांत काम होतं. पंचवीस वर्षांच्या जीआयला मात्र ठिगळ लावू नये. जुन्या गंजलेल्या पाइपला नवा कोरा जीआयचा तुकडा जोडला की त्या जोडीत नवा तुकडाच आधी आणि भराभर गंजतो. दोन्ही धातू वरवर एकच दिसले तरी ओल्या मातीत त्यांच्यात बारीक विद्युतप्रवाह तयार होतो आणि झीज नव्याची होते. म्हणून ‘नुकताच बदलला होता, तिथेच परत फुटला’ अशी तक्रार ऐकू येते. प्लंबरने काम वाईट केलं असेलच असं नाही.

जुना जीआय कापला की आडवा छेद जरूर बघा. एक इंचाच्या पाइपमध्ये गंज आणि क्षारांचे खवले एवढे साठलेले असतात की करंगळी जेमतेम आत जाते. वरच्या मजल्याला पाणी चढत नाही म्हणून मोटर बदलणाऱ्यांनी आधी हा छेद बघावा. आणि गंज सगळ्यात खोल कुठे असतो? आट्यांवर. जोडणीसाठी आटे पाडताना जस्ताचा थर तिथेच कापला जातो.

पाइप फुटून पाणी वाया जातं, एवढाच प्रश्न नाही. आपल्याकडे नळाला पाणी दिवसातून एक-दोन तास येतं. पाणी बंद झालं की रिकाम्या लाइनमध्ये पोकळी तयार होते आणि बाहेरचं पाणी छिद्रातून आत ओढलं जातं. लाइन गटाराच्या बाजूने गेली असेल तर दुसऱ्या दिवशी ते पाणी तुमच्या टाकीत येतं. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. पाण्याला वास येतोय, पहिली पाच मिनिटं गढूळ येतंय, घरात लहान मूल सारखं पोटाने आजारी पडतंय, अशी चिन्हं असतील तर खर्चाची तुलना बाजूला ठेवा आणि लाइन बदला.

जीआय, एचडीपीई, यूपीव्हीसी

जमिनीखालून जाणाऱ्या भागाला माझी निवड एचडीपीई, किंवा तिच्याच कुळातली निळी एमडीपीई. कारण जोड. जीआय 6 मीटरच्या नळ्यांत येतो, म्हणजे 25 मीटरला चार सांधे मातीत जातात, वर वळणांचे एल्बो वेगळे. एचडीपीई गुंडाळीत येते. फेरूलपासून पाण्याच्या मीटरपर्यंत एक सलग तुकडा आणि मीटरपासून टाकीपर्यंत दुसरा. मातीत एकही सांधा राहत नाही. ती गंजत नाही. वजनाचा फरकही मोठा आहे: एक इंची बी क्लास जीआय मीटरला साधारण अडीच किलो, तर 32 मिमीची एचडीपीई पाव किलोच्या थोडी वर. 25 मीटरची गुंडाळी एक माणूस खांद्यावर घेऊन येतो. नागपूरच्या चोवीस तास पाणी योजनेतही घरगुती जोडण्यांच्या जुन्या लाइन काढून एमडीपीई टाकल्या गेल्या.

मापात मात्र फसगत होते. जीआयचं माप आतल्या पोकळीचं, एचडीपीईचं बाहेरच्या व्यासाचं. 25 मिमीचा जीआय म्हणजे एक इंच. 25 मिमीची एचडीपीई घेतलीत तर आतली पोकळी पाऊण इंचावर येते. एक इंची जीआयच्या जागी 32 मिमी, पाऊण इंचीच्या जागी 25 आणि अर्धा इंचीच्या जागी 20 घ्यायची. ‘एचडीपीई टाकल्यापासून पाणी कमी झालं’ म्हणणाऱ्यांच्या घरी बऱ्याचदा हाच घोळ सापडतो.

दुसरी फसगत रंगाची. पिण्याच्या पाण्याची एचडीपीई काळी, अंगावर निळ्या रेघा आणि आयएस 4984 असा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला. शेतीसाठी मिळणारा साधा काळा पाइप त्याहून स्वस्त असतो, पण त्यात पुनर्वापराचं प्लास्टिक असू शकतं. तो घराच्या लाइनला नको. गॅरेज किंवा पेट्रोल पंपालगतच्या जागेत मात्र एचडीपीई टाळा, कारण जमिनीत मुरलेलं पेट्रोल-डिझेल तिच्या भिंतीतून पाण्यात उतरू शकतं. तिथे धातूचाच पाइप बरा.

जीआयची जागा जमिनीच्या वर. भिंतीलगत, उन्हात, धक्का लागेल अशा ठिकाणी, मीटरच्या आजूबाजूला. तिथे निळ्या पट्ट्याचा बी क्लास घ्या. पिवळा पट्टा म्हणजे ए क्लास, पातळ, तो नको. कोकणात समुद्राजवळच्या खारट मातीत जीआय पुरणं म्हणजे पैसेच पुरणं.

यूपीव्हीसी वाईट नाही, पण सांधे सोल्युशनने चिकटवलेले असतात आणि खाली दगड टोचला तर पाइप तडकतो. लाइन छोटी, सरळ, प्लॉटच्याच आत आणि खाली वाळूचा थर घालणार असाल तर चालेल. सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी असते. बाहेरच्या चरात तिचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

पाइप धातूचा काढून प्लास्टिकचा टाकण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. जुन्या घरांत अर्थिंगची तार पुष्कळदा या जीआय पाइपलाच बांधलेली असते. लाइन प्लास्टिकची झाली की घराचं अर्थिंग तुटतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. गिझर किंवा वॉशिंग मशिनचा शॉक बसल्यावरच ते कळतं, आणि असा शॉक जिवावर बेतू शकतो. आधी वायरमनला बोलवा, वेगळा अर्थिंगचा खड्डा करून घ्या, मगच जुना पाइप कापू द्या. हा खर्च एचडीपीईच्या बाजूला लिहायचा, आणि तो धरूनही ती परवडते.

पार्किंगखालून लाइन नेताना 63 किंवा 75 मिमीचा पीव्हीसी पाइप आधी टाका आणि त्यातून एचडीपीई ओढा. थोडे पैसे जास्त जातात, पण पुढच्या वेळी फरशी न उचलता नवी लाइन ओढता येते. रस्ता काँक्रीटचा असेल तर खालून आडवं बोअर मारणाऱ्याचाही दर विचारा. मीटरमागे ते महाग पडतं, दोन्ही टोकांना खड्डे लागतात आणि परवानगी चुकत नाही, पण रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क बरंच वाचू शकतं.

कोटेशन घेताना पाइप, फिटिंग, खोदाई, फरशी-काँक्रीट दुरुस्ती आणि महापालिकेचं शुल्क वेगवेगळं लिहून मागा. ‘सगळं मिळून’ असा एकच आकडा देणारे दोघे जण तुम्हाला तुलना करूच देत नाहीत. खोदाईचा दर मीटरवर ठरवा आणि खडक लागला तर काय, तेही त्यातच लिहून घ्या. चर बुजवण्याआधी लाइन पाण्याने भरून दाबाखाली ठेवायला लावा, प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवून बघा, भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजून फोटो काढा. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.