हॅम रेडिओची लाइव्ह डिस्क, आठ महिने वापरून: घड्याळ आधी बघा

मे महिन्यात जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बसली. नागपुरात बर्डीवरच्या दुकानदाराने एसएसडी आणि मजुरी मिळून तीन हजार सांगितले. अकरा वर्षांच्या लॅपटॉपवर तेवढे घालवायचं जिवावर आलं. म्हणून हॅम रेडिओची (हौशी बिनतारी संपर्काची) लाइव्ह डिस्क, म्हणजे हार्ड डिस्कशिवाय थेट चालणारी, डेबियन लिनक्सवर बेतलेली प्रणाली, डीव्हीडीवर उतरवली. तेव्हापासून आमचं स्टेशन हार्ड डिस्कविनाच चालू आहे. डब्ल्यूएसजेटी-एक्स, एफएलडिजी (दोन्ही डिजिटल संदेशांसाठी), जीप्रेडिक्ट (उपग्रहांच्या मागावर राहायला) हे प्रोग्राम सगळे तयार मिळतात, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पहिले पंधरा दिवस मात्र फार वैताग झाला. दर वेळी कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) नव्याने टाका, ग्रिड (जागेचा नकाशा-संकेत) एमएल९१ टाका, साउंड कार्ड निवडा. त्यात एका रात्री लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाचीच मेलेली, त्यामुळे १९ संपर्कांचा लॉग (नोंदी) रॅमसोबत गेला. त्या रागात ओळखीच्या दोन हॅमना ‘या भानगडीत पडू नका’ असं सांगून मोकळा झालो.

ते आता मागे घेतो. डीव्हीडी सोडा, पेनड्राइव्ह घ्या. त्यावर ‘पर्सिस्टन्स’ नावाचं वेगळं पार्टिशन करायचं, त्यात एका ओळीची पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ फाइल ठेवायची आणि बूट होताना तोच शब्द जोडायचा. सेटिंग, लॉग, सगळं टिकतं. घरातला १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुरला, नवा रुपया लागला नाही.

पण खरं लिहायचंय ते घड्याळाबद्दल. ऑगस्टपर्यंत २० मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर एफटी८चे (संगणकाने छोटे डिजिटल संदेश पाठवायची पद्धत) दोनशेच्या वर संपर्क झाले. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत ताणलेला डायपोल (तारेचा अँटेना) आणि २० वॅट. जपान, इटली, रशिया उत्तर देत होते. लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या साइटवर दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या की संपर्क पक्का होतो; तिथे चढवले, तर एकही पक्का होईना. महिनाभर मी अँटेनाला, लॉगबुकच्या डिजिटल प्रमाणपत्राला, समोरच्यांच्या आळसाला दोष देत बसलो. शेवटी एका जपानी हॅमने ईमेलवर त्याच्या नोंदीची वेळ कळवली. माझी नोंद त्याच्यापेक्षा बरोबर साडेपाच तास पुढे!

कारण साधं होतं. विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं, लिनक्स तेच घड्याळ युटीसी (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) धरतं. हार्ड डिस्क गेली तरी ते घड्याळ भारतीय वेळेवरच चालत होतं, आणि गच्चीवर इंटरनेट नसल्याने वेळ आपोआप दुरुस्त होण्याचा प्रश्नच नव्हता. इथे लॉगबुकला दोन्हीकडच्या वेळा अर्ध्या तासाच्या आत जुळाव्या लागतात.

एफटी८ तर घड्याळावरच चालतं, मग संदेश डिकोड कसे होत होते? हे समजलं तेव्हा मी वही घेऊन बसलो. एफटी८ची एक खेप (संदेश पाठवायची एक पाळी) १५ सेकंदांची. साडेपाच तासांचे १९,८०० सेकंद, म्हणजे बरोबर १,३२० खेपा. आकडा समसंख्या, म्हणून एकाने सम, दुसऱ्याने विषम खेपेला बोलायचं ही पाळीसुद्धा ढळत नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्सला सेकंद बरोबर लागतात, तास कितीही चुकोत. चूक दिसते ती फक्त लॉगमध्ये. भारतातल्या प्रत्येकाने लाइव्ह डिस्क लावल्यावर सगळ्यात आधी हेच तपासावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

उपाय पाच मिनिटांचा. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन घड्याळ साडेपाच तास मागे घेतलं. आधीच्या एडीआय (लॉगच्या) फाइलमधल्या वेळाही तेवढ्याच मागे सरकवल्या. पहाटे साडेपाचच्या आधीचे संपर्क होते, त्यांची तारीखही एक दिवस मागे गेली, तिकडे लक्ष ठेवा. पुन्हा चढवलं आणि त्याच रात्री ७१ पक्के झाले. बायकोला उठवून दाखवलं.

ऑक्टोबरात डब्ल्यूएसजेटी-एक्समधला डीटीचा रकाना (समोरच्याच्या आणि आपल्या वेळेतला सेकंदांचा फरक) सगळ्यांसाठीच १.६, १.८ दाखवू लागला. एक-दोन स्टेशनं तशी असतात, पण सगळीच तशी दिसली की आपलंच घड्याळ घसरलंय असं समजावं. मदरबोर्डवरच्या घड्याळाचा बटन सेल बदलला, चाळीस रुपये. आता गच्चीवर जायच्या आधी मोबाइलचा हॉटस्पॉट मिनिटभर जोडतो, सेकंद जुळले की बंद करतो.

‘टू-रॅम’ने बूट केलं तर अख्खी प्रणाली रॅममध्ये येते आणि वेग चांगला वाढतो. माझ्या ४ जीबीत मात्र ब्राउझर उघडला की लॅपटॉप अडकतो.

एसएसडी अजून घेतलेली नाही. त्या दोन्ही हॅमना फोन केला, एकाला पेनड्राइव्ह मीच तयार करून दिला. त्याच्या लॅपटॉपचं बायोस उघडलं, तर घड्याळ भारतीय वेळेवरच होतं.